पाचवी मूठ

माझा देवीवर विश्वास होता, पण रिपोर्टवर जास्त होता. हे आधीच कबूल केलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटायचं की ही बाई जन्मापासून पोथी घेऊनच बसलेली असेल. मी धुळ्यात एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. चौदा वर्षं झाली. सकाळी सातला दार उघडलं की लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा, ‘मूठ आवळा’ म्हणायचं, शीर चाचपायची, सुई टोचायची आणि कापसाचा बोळा दाबून धरायला सांगायचा. किती माणसं अंगारा लावून येतात, किती जणांच्या ओठांवर जप चालू असतो. पण संध्याकाळी यंत्र जो आकडा सांगतं तो अंगारा बघून सांगत नाही. त्यामुळे देव देवाच्या जागी आणि आकडा आकड्याच्या जागी, अशी माझ्या मनानं वाटणी करून टाकली होती. संकटात कोणाचं ऐकायचं हे विचारलं असतं तर मी आकडा म्हटलं असतं.

लग्नाला सात वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा सहावा आठवडा उजाडायच्या आत गेले. पहिल्या वेळी पट्टीवर दोन रेघा दिसल्या आणि मी आनंदानं वेडी झाले. सकाळी रेघा, संध्याकाळी पेढे. जळगावला माझ्या आईनं आजूबाजूच्या घरांत वाटले, इकडे पारोळ्याजवळच्या आमच्या गावात सासूबाईंनी वाटले. आठवड्याभरात सगळं संपलं आणि मग ज्या ज्या घरी पेढा गेला होता त्या त्या घरून बाई विचारपूस करायला आली. लोक प्रेमानंच येत होते, त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. पण दार वाजलं की मला मोरीत जाऊन बसावंसं वाटायचं. दुसऱ्या वेळी पेढे टाळले तरी बातमी फुटलीच, आणि पुन्हा तेच. तेव्हा मी ठरवलं, आता कधी झालंच तर बाळाचे ठोके ऐकू येईपर्यंत कोणाला सांगायचं नाही. ना आईला, ना सासूला. देवीला तर नाहीच, कारण तिच्यावर मी तेव्हा रुसले होते.

आणि मग तिसऱ्यांदा पाळी चुकली. श्रावण लागला होता. पट्टीवर दुसरी रेघ होती, पण इतकी फिकट की आमच्या ह्यांनी चष्मा लावून पाहिली आणि म्हणाले, “आहे बहुतेक.” हे धुळ्यातच शाळेत शिकवतात. मी म्हटलं, “बहुतेक चालत नाही, रक्त तपासायचं.” देवपूरमधल्या आमच्या डॉक्टर मॅडमनी तेच सांगितलं. गर्भ रुजला की रक्तात एक संप्रेरक उतरतं, त्याला आम्ही लॅबवाले बीटा एचसीजी म्हणतो. मॅडम म्हणाल्या, “एका आकड्यावरून हसायचं नाही आणि रडायचं पण नाही. आज एकदा दे, अठ्ठेचाळीस तासांनी परत दे. आकडा किती आहे त्यापेक्षा तो कुठे चाललाय ते आपल्याला बघायचंय. दुपटीच्या आसपास गेला तर चांगलंच, निदान चांगला चढायला तरी हवा.” हे सगळं मी हजार बायकांना सांगितलेलं होतं. स्वतःला ऐकताना मात्र कानात नुसती शिट्टी वाजत होती.

शनिवारी सकाळी आठला मी रक्त दिलं. आमच्या लॅबमध्ये नाही, दुसऱ्या. आमच्याकडे दिलं असतं तर माझं गुपित दहाच्या चहापर्यंतही टिकलं नसतं. दुपारी रिपोर्ट आला. चौसष्ट. ना धड नाही, ना धड हो. मागच्या वेळी आकडा एक्याण्णव होता आणि दोन दिवसांनी सत्तरवर आला होता, ते मला पाठ होतं. चौसष्ट हा आकडा मी फोनवर इतक्या वेळा उघडून पाहिला की ह्यांनी शेवटी फोन काढून घेतला आणि म्हणाले, “चल, गावाला निघू. अक्का वाट बघत असेल.”

कारण दुसऱ्या दिवशी कानबाई होती. खानदेशात हे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई माता घरी येते. नारळालाच डोळे, नथ, दागिने घालून चौरंगावर बसवतात, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेऊन तिला निरोप देतात. तिच्या नैवेद्याला गव्हाचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, लागतात. हे गहू वाटेल तेवढे घ्यायचे नसतात. घरात जेवढे पुरुष तेवढ्या मुठी, माणशी सव्वा मूठ. ते दळायला गावातला गिरणीवाला आदल्या दिवशी गिरणी धुऊन ठेवतो. आणि ते रोट घराबाहेर कोणाला द्यायचे नाहीत, घरच्यांनीच पौर्णिमेच्या आत संपवायचे.

आमच्या घरी मुठी काढायचा मान सासूबाईंचा. सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं, मीही अक्काच म्हणते. पन्नास वर्षं त्यांनी हा मान सांभाळला आहे. आम्ही पोचलो तेव्हा त्या ओसरीवर सूप पुढ्यात घेऊन बसलेल्याच होत्या. शेजारी माझ्या जाऊबाई आणि त्यांची बारा वर्षांची मुलगी. ही पोर म्हणजे प्रश्नांची थैली आहे. दरवर्षी ती आमच्या अहिराणीत विचारते, “मन्ही मूठ कसाले नही?”, माझी मूठ का नाही, आणि दरवर्षी अक्का तिला गप्प करतात. खरं सांगायचं तर मलाही तोच प्रश्न पडायचा. निवडायचं आम्ही, दळून आणायचं आम्ही, लाटायचं आम्ही, आणि मोजदाद गड्यांची. पण सुनेनं हे बोलायचं नसतं, म्हणून मी पुतणीला डोळा मारायचे आणि तिच्याकडून बोलून घ्यायचे.

अक्कांनी डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि पोत्यात हात घातला. एकेक मूठ सुपात टाकत नावं घेऊ लागल्या. “हाई आबानी. हाई थोरलानी. हाई धाकलानी. हाई नातूनी.” आबा म्हणजे माझे सासरे, थोरला म्हणजे माझे मोठे दीर, धाकला म्हणजे आमचे हे, आणि नातू म्हणजे जाऊबाईंचा मुलगा. चार झाल्या. दरवर्षी चारच होतात. आणि अक्कांचा हात पुन्हा पोत्यात गेला, भरून बाहेर आला आणि सुपात रिकामा झाला. नाव न घेता.

मग जाऊबाई म्हणाल्या, “अक्का, हाई पाचवी कोनी?”

अक्का स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या. “माले काय माहीत,” त्या म्हणाल्या. “हात गया.”

“मन्ही व्हई!” पुतणी ओरडली.

“गप बस वं,” अक्कांनी तिला दटावलं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. माझी नजर अशी होती की दूध नासलं असतं. ह्यांच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं, तेव्हा ह्यांनीच आईच्या कानात सांगितलं असणार, असं माझं मन एका घावात म्हणालं. ह्यांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली, आणि चेहरा इतका पांढरा पडला होता की मला विश्वास ठेवावाच लागला. पुढेही मी त्यांना अनेकदा उलटसुलट विचारलं आहे. लॅबमधली बाई आहे मी, एकदा विचारून सोडत नाही. त्यांनी सांगितलेलं नव्हतं.

जाऊबाई म्हणाल्या, जादा गहू परत पोत्यात टाका. अक्का म्हणाल्या, “देवीना नावना दाना शेत, पाछा टाकता येत नही.” देवीच्या नावाचे दाणे, माघारी कसे जाणार? आणि पाचव्या मुठीसकट गहू गिरणीवर गेले. संध्याकाळी देवीची जागा सारवताना मी अक्कांचं पुटपुटणं ऐकलं. “पन्नास वरीस मोजी मी, कधी चूक नही व्हयनी. औंदा व्हयनी. घर सांभाळ वं माय.” तेव्हा मला कळलं की त्या घाबरल्या आहेत. मोजणीत चूक होणं त्यांना चांगलं वाटत नव्हतं, माणसांची मोज आहे ना ती. मी एक वाक्य बोलले असते तर त्यांची भीती तिथल्या तिथे गेली असती. पण ते वाक्य मी बोलले नाही. चौसष्टाच्या भरवशावर कशी बोलणार? त्या घाबरत राहिल्या आणि मी बघत राहिले, ह्याची लाज मला अजून वाटते.

रविवारी सकाळी पुरण शिजत होतं, जाऊबाई गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, चिरत होत्या, अंगणात आंब्याच्या पानांचं तोरण चाललं होतं. मी मोरीत गेले आणि मला डाग दिसला. लहानच होता, तपकिरी. पण मागे दोन्ही वेळा सुरुवात अशीच झाली होती. मी तिथंच भिंतीला टेकून मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, “पोटात दुखतंय का? नाही ना? लाल जात नाहीये? मग पड जरा. दुखलं किंवा वाढलं तर लगेच ये, नाहीतर उद्या सकाळी रक्त दे. भिण्यानं काही थांबत नसतं गं, आणि तग धरत पण नसतं.”

पड म्हणाल्या, पण कानबाईच्या दिवशी सून कुठल्या कारणानं पडेल? मग मला एकच कारण सुचलं. मी जाऊबाईंना जाऊन सांगितलं की मी बाजूला आहे. आमच्याकडे पाळी आलेली बाई देवीच्या कामाला हात लावत नाही. तिला मागच्या खोलीत बसवतात, तिचं ताट तिथं जातं, आणि देवीचा रोट तिच्या ताटात येत नाही. मला निवांत पडायला मिळालं. पण मागच्या खोलीत गोधडीवर पडल्या पडल्या मला जाणवलं की मी जे खोटं सांगितलं ते थोड्या वेळात खरं होणार आहे. बाहेर कानबाईची गाणी सुरू झाली होती. मी भिंतीकडे तोंड करून रडले. देवीला म्हटलं, आता तुझ्याशी भांडायचीही ताकद नाही. तू आणतेस आणि तू नेतेस, तर मला एकदाचं सांगून टाक. ही काही प्रार्थना नव्हती, चिडलेल्या बाईची कुरकुर होती. पण रुसल्यापासून पहिल्यांदा मी तिच्याशी बोलले होते.

नैवेद्य झाला, गड्यांची पंगत बसली, ज्याची मूठ त्याच्या पानात पहिला रोट गेला. तेवढ्यात माझ्या खोलीचं दार ढकललं गेलं. मला वाटलं, पुतणी ताट घेऊन आली. आल्या होत्या अक्का. हातात वाटीभर खीर आणि ताटलीत एक आख्खा रोट. मी चटकन उठून बसले. “अक्का, मी बाजूला आहे,” मी म्हटलं. अक्का म्हणजे सोवळ्याच्या बाबतीत करडी बाई. न धुतल्या हातानं देव्हाऱ्याजवळ गेलं तरी ओरडतात. त्यांनी ताटली माझ्या मांडीशी ठेवली.

“बठ्ठासना पानमा एकेक गया,” त्या म्हणाल्या. “हाऊ पाचवा राहना. हाऊ तू खाय.”

“पण देवीचा आहे तो.”

“देवी बी बाईच शे,” अक्का म्हणाल्या. “तिले काय ठाऊक नही का?”

एवढं बोलून त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि गेल्या. त्यांना काही माहीत होतं का? मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाल्या, “माले काय माहीत. तुन्ही पाठ देखी, वाईट वाटनं.” मी तो रोट खिरीत बुडवून खाल्ला. निम्मा रडत खाल्ला आणि निम्मा भूक लागली म्हणून खाल्ला, हेही सांगते. सकाळपासून पोटात काही नव्हतं. आणि खाता खाता मन हलकं होत गेलं. ज्या मुठीला नाव नव्हतं ती माझ्या ताटात आली होती, राहणारी असो नाहीतर जाणारी. ती मी नाकारली नाही, एवढंच माझ्या हाती होतं. संध्याकाळपर्यंत डाग थांबला. का थांबला ते मी सांगू शकत नाही, असे डाग पुष्कळांना येतात आणि थांबतात.

सोमवारी सकाळी घरातून चौरंग निघणार होता. तो डोक्यावर घ्यायचा मान यंदा ह्यांचा होता, त्यामुळे हे माझ्याबरोबर येऊ शकत नव्हते. मी बाजूला असल्यानं माझी नदीवर गरज नव्हतीच. लॅबमध्ये काम आहे असं सांगून मी सातला फाट्यावरून काळी-पिवळी जीप पकडली. आठ वाजता बरोबर अठ्ठेचाळीस तास पुरे होणार होते. मॅडमनी मिनिटं मोजायला सांगितलं नव्हतं, पण माझा स्वभावच तो. शेजारी एक जाडजूड मुसलमान बाई बसली होती, मांडीवर बांगड्यांची पेटी. सणाला गावोगावच्या बायकांना बांगड्या भरून ती धुळ्याला मुलीकडे चालली होती. जीपमधले सगळे तिला चाची म्हणत होते, म्हणून मीही म्हटलं.

पुढच्याच गावात हायवेवर मिरवणूक आडवी आली. बँड, बायकांच्या फुगड्या, गुलाल. जीप थांबली. मी दर मिनिटाला घड्याळ बघत होते. चाचीनं माझ्याकडे पाहिलं.

“इतकी घाई कशाची गं बेटा? देवी चालली घरला, तिला घाई नाही. तुला आहे?”

“रक्त द्यायचंय तपासायला,” मी म्हटलं. आणि मला काय झालं कोण जाणे, जे आईला सांगितलं नव्हतं, सासूला सांगितलं नव्हतं, ते मी बांगडीवालीला सांगून टाकलं. चौसष्ट, डाग, मागचे दोन वेळचे आकडे, सगळं. तिला आकड्यांतलं काही कळलं नसणार. तिनं नुसतं “हां, हां” केलं आणि माझा हात हातात घेऊन बसली. धुळ्याला उतरल्यावर मी तिचे आभार मानून निघाले, तर ही पेटी सावरत माझ्या मागे. “अकेली कशाला जाते? मुलगी काय पळून जात नाही माझी.” आम्ही रिक्षानं पांझरा नदी ओलांडून देवपूरला गेलो.

आणि लॅबमध्ये शीर सापडेना. हसू येईल, पण खरं आहे. चौदा वर्षं दुसऱ्यांच्या शिरा शोधणाऱ्या बाईची स्वतःची शीर गायब. तिथल्या मुलीनं पट्टा बांधला आणि माझंच वाक्य मला ऐकवलं, “मूठ आवळा, ताई.” मी आवळली. एकदा टोचून झालं, रक्त आलं नाही. दुसरा हात झाला, तिथंही नाही. माझ्या मुठी इतक्या घट्ट आवळल्या होत्या की नखं तळव्यात रुतली होती. ती पोर घामाघूम झाली, मीही चिडले, तिला शिकवू लागले की शीर कशी धरायची. तेव्हा चाची बाकावरून उठली.

“जरा थांब गं पोरी,” ती त्या मुलीला म्हणाली, आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बोटं चोळली, तळवा चोळला, मनगट दाबून दाबून सोडलं. बांगडी भरताना करतात तसंच. “हे बघ बेटा, चाळीस बरस हात बघितले मी. आवळलेल्या हातात बांगडी चढत नाही, फुटते. सोड. जे यायचं ते येऊ दे. सोड हात.”

मी हात सोडला. नुसता हात सोडला असं नाही. इतकी वर्षं जे काही घट्ट धरून बसले होते, ते सगळं त्या प्लास्टिकच्या खुर्चीत सैल झालं. मनात म्हटलं, बाई कानबाई, आकडा चढो की उतरो, मी तुझी आहे. तिसऱ्या टोचण्याला रक्त सरळ नळीत आलं. हात चोळला, ऊब आली, शीर वर आली, एवढंच घडलं, हे मला तरी समजायलाच हवं. पण त्या वेळी माझ्या खांद्यावर कोणाचा तरी हात होता आणि तो नुसता चाचीचा नव्हता, असं मला वाटलं ते वाटलंच. असल्या गोष्टींतली माणसं मदत करून अदृश्य होतात म्हणे. माझी चाची काही अदृश्य होत नाही. पारोळ्याच्या बाजारात दर बाजाराच्या दिवशी बसते आणि गुडघेदुखीची तक्रार करते.

दुपारी दोनला रिपोर्ट आला. एकशे एक्कावन्न. दुपटीच्या वर. मी तो एकदाच पाहिला आणि फोन पर्समध्ये ठेवला. मॅडम म्हणाल्या, “छान चाललंय. दोन-तीन आठवड्यांनी सोनोग्राफी करू.” मी देवपूरच्या आमच्या घरी न जाता उलटी जीप पकडून गावी गेले. ठोके ऐकू येईपर्यंत कोणाला सांगायचं नाही हा माझा नियम होता. पण ओसरीवर अक्का एकट्या बसल्या होत्या, देवी गेल्यावर घर सुनं होतं तशा. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. बाजूला असल्याचं खोटं सांगितलं तेही सांगितलं.

अक्का एक मोठा श्वास सोडून म्हणाल्या, “म्हंजे मन्ही मोज चुकनी नव्हती.” पहिलं वाक्य हे! नातवंडाचं नंतर, आधी मोजणी. मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांच्याही आलं. “कानबाईना दिन खोटं बोलनीस,” म्हणून त्यांनी माझ्या पाठीत एक हलका धपाटा घातला आणि तोच हात तिथं ठेवून दिला. मी म्हटलं, “अक्का, अजून लवकर आहे. राहील की नाही सांगता येत नाही.” त्या म्हणाल्या, “राहनं ते तिनं, गयं ते तिनं. तू एकटी नको वाहू.” राहिलं तरी देवीचं, गेलं तरी देवीचं, असं त्यांचं म्हणणं. बातमी फुटू द्यायची नव्हती ती ह्याच भीतीनं की दुःख झालं तर चारचौघांत होईल. ते एकटीनं वाहिल्यामुळे जड झालं होतं, हे मला त्या धपाट्यानं कळलं.

पुढचे महिने काही निर्धास्त गेले असं नाही. प्रत्येक तपासणीच्या आदल्या रात्री मी जागीच असायचे. पण मी मूठ आवळून बसत नव्हते. चैत्रात धुळ्याला मुलगी झाली. गावातल्या बायकांनी पाचव्या मुठीचा अर्थ आपापला लावून ठेवला होता, मूठ पुरुषाची म्हणजे मुलगाच. अक्कांच्याही मनात नातूच होता, त्या लपवत नाहीत. मुलगी झाली म्हटल्यावर त्यांनी तिला मांडीवर घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि “चिमणी शे” एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून ती चिमणीच.

मग श्रावण आला. पुन्हा ओसरी, पुन्हा सूप, पुन्हा पोतं. चिमणी माझ्या मांडीवर. अक्कांनी पदर घेतला, हात जोडले. आबांची, थोरल्याची, धाकल्याची, नातवाची. चार झाल्या. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली पाहिलं. अक्कांचा हात पोत्यात गेला आणि भरून वर आला. “हाई चिमणीनी,” त्या स्पष्ट म्हणाल्या. आबा ओसरीच्या कडेला तंबाखू मळत होते. ते म्हणाले, “पोरनी मूठ काढतस का कुठे?” अक्कांनी वर न बघता उत्तर दिलं, “मागला साले देवीनीच काढी. मी कमी करनारी कोण?”

“मंग मन्ही?” पुतणी म्हणाली. तिनं एक वर्षही हा प्रश्न चुकवलेला नाही.

अक्कांचा हात थांबला. त्यांनी नातीकडे पाहिलं, मग सुपाकडे. “तुन्ही बी,” त्या म्हणाल्या आणि मूठ टाकली. मग जाऊबाईंची टाकली. मग माझी. आठ झाल्या. अक्का पदरानं हात पुसून उठायला लागल्या, तर पुतणीनं त्यांचा हात धरून खाली बसवलं आणि आपला हात पोत्यात घातला.

“आते अक्कानी,” ती म्हणाली. आता अक्कांची.

“मन्ही कसाले वं,” अक्का म्हणाल्या, “मी ते मोजनारी.”

पण तोवर त्या पोरीनं मूठ सुपात टाकली होती. तिची मूठ लहान, सव्वाला जरा कमीच भरली असेल. अक्का त्या गव्हाच्या ढिगाकडे बघत राहिल्या. पन्नास वर्षांत त्यात त्यांचे दाणे कधी नव्हते. डोळे पुसून त्या मला म्हणाल्या, “बघस काय, दळाले धाड.”

आता लॅबमध्ये मी कोणाला मूठ आवळायला सांगत नाही. हात सैल सोडा म्हणते, आणि शीर बहुतेक वेळा वर येते. घाबरलेली एखादी बाई बीटाच्या रिपोर्टला आली तर तिचा हात आधी चोळून गरम करते, चाचीनं केला तसा. आकडा काय येईल ते माझ्या हाती नाही, हे मला आता कमीपणाचं वाटत नाही. ज्या माउलीनं अक्कांचा हात पाचव्यांदा पोत्यात नेला, किंवा नेला नसेल तरी ज्या माउलीच्या नावानं तो गेला, तिचे उपकार मी कसे फेडू? फेडायचे नसतातच ते, खायचे असतात. नऊ मुठींचे रोट पौर्णिमेच्या आत संपवता संपवता आमच्या नाकी नऊ आले. शेवटचा रोट अक्कांनी स्वतःसाठी राखून ठेवला होता. चिमणीला मांडीवर घेऊन त्यांनी तो दुधात कुस्करला, पहिलं बोट तिच्या ओठांना लावलं, आणि बाकीचा कोणालाही न देता एकटीनं खाल्ला.